आमच्या घराचं क्रेस्ट आणि बाबांना एक काम

व्हँकुव्हर, १४ जून

आई, बाबा, सा. नमस्कार,

फोनवर नीट सांगता येत नाही, मध्येच नेट जातं आणि आई तू दर दोन मिनिटांनी "जेवलीस का" वर येतेस, म्हणून म्हटलं यावेळी सगळं लिहूनच पाठवते. विषय तोच, क्रेस्टचा, म्हणजे घराण्याच्या चिन्हाचा. बाबा तुम्ही हसलात ना त्यादिवशी, "आता काय राजे झालात काय" म्हणून, तर आधी पूर्ण ऐका.

ऑक्टोबरात माःमाःचा ९०वा वाढदिवस आहे. माःमाः म्हणजे यांची आजी, लग्नात तुम्हाला दोन्ही हातांनी चहा दिला ती. आपल्या हिशेबाने ८९च होतात, पण त्यांच्या जुन्या चिनी मोजणीत बाळ जन्मतःच एक वर्षाचं धरतात. तर सगळं खानदान जमणार, टोरोंटोहून, हाँगकाँगहून, आणि माझ्या दिरांच्या डोक्यात आलं की या निमित्ताने घराण्याचं एक चिन्ह करायचं, बॅनरवर, आमंत्रणावर, पुढे पोरांना राहील असं. मी म्हटलं करा की. मला काय माहीत हे माझ्याच गळ्यात पडणार!

पहिली गंमत ऐका. दिरांनी एका वेबसाइटवरून ३० डॉलर भरून "तुमच्या आडनावाचं अस्सल क्रेस्ट" मागवलं. आलं ते काय, लोखंडी शिरस्त्राण, ढाल, खाली लॅटिन. कारण आमचं आडनाव यंग, आणि यंग इंग्रजांमध्ये पण असतात ना, त्यांच्यापैकी कुणाचं तरी उचलून दिलं. खरं नाव येउंग. पणजोबांच्या कागदावर यंग पडलं ते पडलंच, आपल्याकडे नाही का तलाठ्याने एक काना इकडचा तिकडे केला की पिढ्यानपिढ्या तेच चालतं. मग मी जरा वाचलं तेव्हा कळलं की आडनावाचं क्रेस्ट असं मुळात काही नसतंच, ते एका माणसाला दिलेलं असतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं, आणि क्रेस्ट हा शब्द पण आपण चुकीचाच वापरतो, खरं क्रेस्ट म्हणजे फक्त शिरस्त्राणाच्या वर बसवलेलं ते, ढालीवरच्याला आर्म्स म्हणायचं. इथे रीतसर पण मिळतं बरं का. पूर्वी लंडनला नाहीतर एडिंबराला अर्ज करावा लागायचा, १९८८ पासून कॅनडाचं स्वतःचं ऑफिस आहे, गव्हर्नर जनरलच्या हाताखाली, ओटावाला. आणि तिथे मुलगा-मुलगी भेद नाही, मुलीकडेपण वारसा तसाच जातो, हे मला फार आवडलं. पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं, ऑक्टोबर काही थांबत नाही, म्हणून घरच्या घरीच करायचं ठरलं.

मग ड्रॅगन. यांना ड्रॅगनच पाहिजे होता. कॅनडात जन्मलेला माणूस, चिनी वाचता येत नाही, त्याला चिनी म्हटलं की ड्रॅगन! माःमाःने चित्र बघितलं, नखं मोजली आणि म्हणाली पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा, आम्ही दक्षिण चीनमधल्या तोइसानचे भातशेतीवाले. संपला विषय. त्यानंतर दिरांनी नेटवरून एक छान गोल फूल आणलं, दिसायला एकदम मॉडर्न, तर ते निघालं जपानी, त्यांच्याकडे घराण्यांची अशी गोल चिन्हं असतात त्यातलं. माःमाः म्हणजे लहानपणी जपानी लढाईत डोंगरात लपून राहिलेली बाई, दोन दिवस दिरांशी बोलली नाही.

खरं म्हणजे चिनी लोकांत ढालीबिलीची पद्धतच नाही. चित्रं होती ती सरकारी अंमलदारांच्या अंगरख्यावर, छातीवर चौकोनी तुकडा, मुलकीवाल्यांना पक्षी आणि लष्करवाल्यांना जनावरं, पण ती हुद्द्याची, घराण्याची नाहीत. घराण्याची ओळख असते ती शब्दात. आडनावाला दिवाणखान्याचं नाव असतं, ते दारावर पाटीला, कंदिलावर लिहायचं. आणि शिक्का, लाल शाईचा. बाबा तुम्ही म्हणालात ना महाराजांच्या राजमुद्रेसारखं काढा, ते तुम्ही अगदी बरोबर बोललात, तिथेपण चित्र नाही, अक्षरंच.

तर यंगांच्या दिवाणखान्याचं नाव सेइ-जी-थोंग, म्हणजे "चार जणांना ठाऊक". हे यांना माहीतच नव्हतं! माःमाःला माहीत, कारण सासरी गावच्या घरात पाटी होती. गोष्ट अशी की हान राजवटीत, जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी, यांग झेन नावाचा एक अधिकारी होता (येउंगचाच उत्तरेकडचा उच्चार यांग). त्याने शिफारस करून वर आणलेला एक माणूस रात्री सोनं घेऊन आला, घ्या म्हणाला, रात्रीची वेळ आहे, कुणाला कळणार. यांग म्हणाला, आभाळाला ठाऊक, धरतीला ठाऊक, तुला ठाऊक, मला ठाऊक, कुणाला कळणार कसं म्हणतोस? आणि सोनं परत. बाबा, तुम्ही सातबाऱ्याच्या वेळी त्या माणसाला पाकीट दिलं नाही आणि अकरा महिने हेलपाटे घातले, मला तेच आठवलं.

आता गोष्ट इतकी सुरेख, पण चार कसे दाखवायचे? कँटनीजमध्ये, म्हणजे यांच्या चिनी बोलीत, चार आणि मरण यांचा उच्चार जवळपास एकच. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ४, १३, १४ ही बटणंच नाहीत. ९० वर्षांच्या बाईच्या वाढदिवसाला चार पानं, चार तारे असलं काही चालणारच नाही. मी डोकं लढवलं, जुन्या चिनी समजुतीत आभाळ गोल आणि धरती चौकोनी, त्यांचं जुनं नाणं नाही का, गोल आणि मधे चौकोनी भोक, तेच घेऊया. मी भलतीच खूश. माःमाः बघत राहिली आणि मग इतकी हसली की खोकला आला. म्हणे ज्याने पैसे घेतले नाहीत त्याच्या छातीवर तू पैसाच डकवतेस!

मधेच तिने मला विचारलं, तुमच्यात काय असतं? मी आधी काही नाही म्हणून टाकलं, मग देवक आठवलं. तिला सांगितलं की आमचं पंचपालवी, पाच झाडांची पानं, लग्नाआधी ते बसवतात, आणि देवक एक असेल तर लग्न जुळत नाही. तिने मांडीवर थाप मारली, आमच्यातपण एका आडनावात लग्न करत नाहीत! मग म्हणाली, आमचं आडनावसुद्धा झाडच आहे. आणि खरंच, येउंग लिहितात त्याच्या डाव्या अंगाला लाकडाची खूण असते आणि अर्थ पॉपलर. आता गंमत म्हणजे इथे नदीकाठाला जी कॉटनवुडची झाडं आहेत ती पॉपलरच, इथलीच मूळची. सध्या त्यांचा कापूस सुटलाय, सगळ्या गल्लीत उडतोय, गाडीवर, दाराच्या जाळीत, मी रोज शिव्या घालत झाडते आणि हे आमचं आडनाव निघालं! पान पिंपळासारखं, रुंद आणि टोकदार, खालून चंदेरी, आणि वारा आला की तशीच सळसळ.

पणजोबा १९१२ला आले तेव्हा हीच झाडं बघितली असतील बिचाऱ्याने. चिनी माणसाला या देशात पाय ठेवायला ५०० डॉलर डोईपट्टी होती तेव्हा, फक्त चिन्यांना, म्हणजे मजुराची दोनेक वर्षांची कमाई. त्यांची फोटो चिकटवलेली पावती आहे अजून आमच्याकडे. १८८५ला ५० डॉलरपासून सुरू केलेली ती पट्टी, नंतर १९२३ला तर दारच बंद, ते उघडलं १९४७ला. त्यामुळे बायको तिकडे, नवरा इकडे, अशी कितीतरी वर्षं. माःमाः सून म्हणून आली ती त्यानंतर. सरकारने माफी मागितली २००६ला. दीर म्हणाले ती पावतीपण चिन्हात घालू, माःमाः नको म्हणाली, ते कपाटात राहू दे.

तर आता ठरलंय ते असं. लाल जमीन, वरती सोनेरी गोल म्हणजे आभाळ, खाली चौकोनी शिक्का, त्यात येउंग अक्षर, म्हणजे धरती. आणि मधे दोन पानं, एक पॉपलरचं आणि एक पिंपळाचं, एकमेकांकडे वळलेली, म्हणजे तू आणि मी. मोजलं तर चार, नाही मोजलं तर दोन पानं. ढालींच्या नियमातपण बसतं, लालवर सोनेरी चालतं, लालवर काळं चालत नाही (यांना काळं हवं होतं, बरं झालं). पिंपळाचं पान माःमाःनेच घालायला लावलं. मी म्हटलं घराण्याचं चिन्ह आहे, माझं कशाला त्यात, तर म्हणाली मी तरी कुठे येउंग आहे, मी लीच्या घरातली, त्यांच्यात बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत ना. पाटीवरचं नाव पण शेवटी लीच्या पोरीलाच पाठ होतं की.

छकुलीने चित्र काढलंय, पॉपलरचं पान झकास, दारातलंच ठेवून गिरवलं. पिंपळाचं मात्र नेटवर बघून काढलं तर बदामासारखं झालंय, पत्त्यांतल्या. म्हणून बाबा, एवढं काम करा. मारुतीच्या पारावरचं एक चांगलं मोठं पान घ्या, शेपटीचं टोक मोडलेलं नको, कागदाखाली ठेवा आणि वरून पेन्सिल आडवी फिरवा, शिरा उठतील अशी. फोटो काढून पाठवा, दादाला सांगा वरून सरळ काढायला, मागच्या वेळसारखा अंगठा नको मधे. जुलै संपायच्या आत आलं तर बरं, छापायला टाकायचंय.

आई, जेवले मी.

तुमची,
माई