यादी कधी लागणार, एवढं तरी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांची पानं गुणवंतांच्या फोटोंनी भरून जातात. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्यानंतर फॉर्म भरल्यापासून प्रवेशाची यादी लागेपर्यंतचे जे आठवडे जातात, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. शहाद्यात माझं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. जूनपासून पुढे मुलं आणि त्यांचे आईबाप रोज माझ्यासमोर बसलेले असतात, म्हणून हे पत्र.

यादी उशिरा लागते ही तक्रार आहेच. पण त्याहून मोठी तक्रार अशी की, ती नक्की कधी लागणार हे कुणीच जबाबदारीने सांगत नाही. आणि कुणी सांगत नाही म्हणून पालकांचे पैसे आणि मुलांची मूळ कागदपत्रं भलत्यांच्या हातात जाऊन पडतात.

अकरावीचे ऑनलाईन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरांपुरते होते. 2025 सालापासून ते राज्यभर लागू झाले आणि आमचे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा तालुकेही त्यात आले. त्या वर्षी दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला. नोंदणी सुरू व्हायच्या पहिल्याच दिवशी साईट बसली. पुढे पहिल्या यादीची तारीख 26 जून सांगितली, ती 30 जून केली आणि यादी लागली 28 जूनला. दोन दिवस आधी लागली हे चांगलंच झालं, असं कुणी म्हणेल. पण ज्याच्या गावात मोबाईलला रेंज नाही, टेकडीवर चढून गेल्याशिवाय मेसेज येत नाही, त्याला तारीख पुढे ढकलली काय आणि मागे ओढली काय, त्रास सारखाच. तारीख म्हणजे त्याच्यासाठी जीपचं भाडं आणि बुडालेला रोज असतो.

धडगावच्या बाजूची एक मुलगी यादीच्या दिवशी घाट उतरून माझ्याकडे आली होती. बारावी सायन्स, सीईटी दिलेली, बी. फार्मसीला जायचं मनात. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, जात पडताळणीच्या (व्हॅलिडिटीच्या) अर्जाची पोच, सगळं एकावर एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये, वरून रबरबँड. लॉगिनला दिलेला नंबर भावाचा, आणि भाऊ सुरतेला कापडाच्या कारखान्यात पाळीवर. ओटीपी त्याच्या फोनवर जायचा, मशीनच्या आवाजात त्याला रिंग ऐकू येईना. शेवटी त्याने फोन उचलून आकडा सांगितला तोवर ओटीपीची मुदत संपली होती. परत मागवला, परत फोन. अखेर लॉगिन उघडलं, तर आत यादी नाहीच, सुधारित वेळापत्रक येणार असल्याची सूचना तेवढी. ती रात्री टाकलेली होती. तेव्हा ही मुलगी घरी झोपलेली असणार, कारण पहाटेची जीप धरायची होती. आदल्या दिवशी दुपारपर्यंत कुणी कळवलं असतं, तर तिचा तो दिवस आणि ते भाडं वाचलं असतं.

खानदेशात फार्मसीकडे ओढा मोठा आहे. शिरपूर, चोपडा, फैजपूर, शहादा, धुळे, जिकडे जाल तिकडे फार्मसी कॉलेज आहे आणि शेतकऱ्याच्या मुलामुलींना मेडिकल दुकान किंवा कंपनीतली नोकरी डोळ्यांसमोर दिसते. नेमकी हीच यादी सर्वांत जास्त रखडते. महाविद्यालयांना फार्मसी कौन्सिलची मान्यता वेळेत मिळत नाही, मान्यता नाही म्हणून जागा ठरत नाहीत, जागा ठरत नाहीत म्हणून कॅप राऊंड, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशाची फेरी, लागत नाही. 2024 मध्ये ऑक्टोबर उजाडला तरी बी. फार्मसीची प्रक्रिया चालूच होती. इंजिनिअरिंगला गेलेला वर्गमित्र पहिल्या परीक्षेचा अभ्यास करत असतो आणि हा पोरगा अजून बापाबरोबर कापसात निंदणी करत असतो.

मुलींच्या बाबतीत हा उशीर फार महागात पडतो. यादी दिवाळीला टेकली की घरात तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची बोलणी सुरू होतात. पोरगी घरीच बसलेली, प्रवेशाचा पत्ता नाही, स्थळ चांगलं आहे, मग थांबायचं कशाला? शिकवायचं ठरवलेला बापही या प्रश्नापुढे ढिला पडतो. मी अशा बापांना दोष देत नाही. हातात दाखवायला एक तारीख असती, तर त्यानेच भावकीला सुनावलं असतं की अमुक दिवशी यादी आहे, तोवर विषय काढू नका.

आता पैशांचं. यादी लांबली की खासगी संस्थांची माणसं गावात फिरू लागतात. त्यांच्याकडे मुलांचे नंबर कुठून येतात हा वेगळा तपासाचा विषय आहे. त्यांचं बोलणं ठरलेलं: "जागा भरत आल्या, कॅपचं काही खरं नाही, आज थोडे पैसे आणि ओरिजिनल कागद जमा करा, सीट पक्की." आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने खतासाठी ठेवलेले पैसे असे भरले. पोरीची टीसी आणि मार्कशीटही देऊन आला. पुढे कॅपमध्ये तिला दुसरीकडे चांगली जागा मिळाली. कागद मागायला गेला तर उत्तर मिळालं, आधी वर्षाची पूर्ण फी भरा. माझ्या केंद्रात येऊन तो एवढंच विचारत होता, "आते काय करानं भाऊ?"

काय करायचं ते नियमात लिहिलेलं आहे, पण त्याच्यापर्यंत ते कुणी पोहोचवलं नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच सांगितलं आहे की, मूळ कागदपत्रं प्रवेशाच्या वेळी तपासायची आणि विद्यार्थ्याला परत द्यायची, संस्थेने ठेवून घ्यायची नाहीत. फीचंही तेच. 2024-25 साठी आयोगाचं धोरण असं होतं की, 30 सप्टेंबर 2024 पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि त्यानंतर 31 ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापायचे. म्हणजे पालक कायद्याने उघडा पडलेला नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट कानात साठवून ठेवावी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने सीट घेतली की ही माफी गेली. धीर धरला तर फी शून्य, घाबरून गेलं तर वर्षाला हजारो रुपये, आणि घाबरवण्याचं काम पद्धतशीर चालू आहे. अशा वेळी शासनाने गप्प राहणं म्हणजे घाबरवणाऱ्यांना मोकळं रान देणं होय.

तक्रार करायची तर कुठे? अकरावीसाठी विभागीय शिक्षण उपसंचालक नाशिकला, तंत्रशिक्षणाचं विभागीय कार्यालयही नाशिकला. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी आपलं विद्यापीठ 1990 मध्ये जळगावला झालं, बहिणाबाईंचं नाव त्याला लाभलं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या मोलगीच्या माणसाला जळगावही लांब आणि नाशिक त्याहून लांब. जून ते ऑक्टोबर एवढे महिने तरी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, पंचायत समितीत किंवा तहसीलमध्ये, एक माहीतगार माणूस टेबल-खुर्ची घेऊन बसवायला काय हरकत आहे? निवडणुकीच्या वेळी डोंगरातल्या शेवटच्या पाड्यापर्यंत कर्मचारी पोहोचतात, हे आम्ही पाहिलेलं आहे.

ऑनलाईनला माझा विरोध नाही. माझं पोट त्यावर आहे म्हणून म्हणत नाही. गुणवत्तेची यादी सगळ्यांसमोर लागते, कट ऑफ सगळ्यांना दिसतो, पूर्वी ओळखीपाळखीने होणाऱ्या बऱ्याच गोष्टी थांबल्या, हे मी रोज पाहतो. पण पूर्वी गावच्या कॉलेजातले क्लार्कभाऊ तरी तोंडावर सांगायचे की तुझा नंबर कितवा आहे, कधी येऊन विचार. आता विचारायचं कुणाला, तर हेल्पलाईनला, आणि ती ऐन गर्दीच्या दिवशी लागत नाही. आदिवासी मुलांचं तर वसतिगृहही प्रवेशावर अडलेलं असतं. कॉलेज कुठलं हे ठरल्याशिवाय वसतिगृहाचा अर्ज पुढे सरकत नाही. तोरणमाळच्या मुलाने नंदुरबारला राहायचं कुठे, याचं उत्तरही त्या एका यादीत अडकून पडतं.

तारीख बदलावी लागली तर किमान एक दिवस आधी, दिवसाउजेडी, कारणासह जाहीर करावी आणि साध्या मेसेजने कळवावी, ही मागणी मोठी नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवणाऱ्या संस्थांवर विद्यापीठाने आणि तंत्रशिक्षण विभागाने स्वतःहून कारवाई करावी, पालकाने लेखी तक्रार देण्याची वाट पाहू नये. पोराची टीसी ज्यांच्या कपाटात आहे, त्यांच्याविरुद्ध लेखी द्यायला कुणाचा हात धजेल?

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. आपल्या जिल्हा पानावर रोज केळी-कापसाचे भाव आणि हतनूर धरणाचा पाणीसाठा छापून येतो. जून ते ऑक्टोबर त्याच पानावर एक छोटी चौकट द्या: आज कोणत्या प्रवेशाची कोणती यादी आहे, कोणती तारीख बदलली, आणि खाली दोन ओळींत फी परताव्याचा व मूळ कागदपत्रांचा नियम. ती चौकट कापून मी केंद्राच्या दारावर लावीन. इथले बाकीचे केंद्रचालकही लावतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे.

कळावे,
आपला एक वाचक व सेवा केंद्र चालक,
शहादा, जि. नंदुरबार