व्हिएन्नाच्या मनोऱ्यावरून

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

काल अखेर सेंट स्टीफन्स कॅथेड्रलचा दक्षिण मनोरा चढलो. ३४३ दगडी पायऱ्या, आणि गोल जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरू लागलं की भिंतीला पाठ टेकवून वाट द्यायची. गड चढताना वारा लागतो, पुढचा टप्पा नजरेत असतो. इथे फक्त पुढची पायरी, आणि मधूनच एखादा झरोका.

मनोरा १४३३ साली पुरा झाला. उंची १३६ मीटर, पण आपल्याला ७२ मीटरवरच्या पहारेकऱ्याच्या खोलीपर्यंतच जाता येतं. त्या खोलीतून शहरात कुठे आग दिसते का यावर पहारा असे. दिवसा झेंडा, रात्री कंदील दाखवून आगीची दिशा कळवायची. अविनाश, हा पहारा १९५५ पर्यंत चालू होता! १६८३ च्या तुर्की वेढ्यात शहराचा सेनापती श्टारेम्बेर्गही याच मनोऱ्यातून शत्रूच्या छावणीवर नजर ठेवायचा. खिडकीतून खाली चर्चचं उतरतं छप्पर दिसतं, रंगीत चकचकीत कौलांच्या नागमोडी नक्षीचं. तिथून हलावंसं वाटेना.

पण तुला लिहायला बसलो ते घंटेमुळे. वेढा उठल्यावर तुर्कांच्या ज्या तोफा मागे राहिल्या, त्या वितळवून १७११ मध्ये एक प्रचंड घंटा ओतली. तिचं नाव पुमेरिन. ती याच मनोऱ्यात होती. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध अगदी संपत आलेलं असताना, आसपासच्या आगीच्या ठिणग्या चर्चवर पडल्या. छपराचा लाकडी सांगाडा जळाला, घंटा कोसळली आणि तिचे तुकडे झाले. लोकांनी ते तुकडे टाकून दिले नाहीत. तेच वितळवून १९५१ मध्ये नवी घंटा ओतली आणि पुढच्या वर्षी व्हिएन्नात आणली. आता ती उत्तर मनोऱ्यात आहे. वजन सुमारे २० टन, तोंडाचा व्यास तीन मीटरहून जास्त. नव्या वर्षाचं स्वागत इथे तिच्या नादाने होतं.

खाली उतरून लगेच तिला बघायला गेलो. समोर उभा राहिलो आणि आपल्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आठवली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले. एक नाशकात, एक मेणवलीच्या घाटावर, एक भीमाशंकरला. ही कथा आपण लहानपणापासून विजयाची म्हणून ऐकली, आणि ती आहेच. पण ज्या वसईकरांचा दिवस त्या घंटेवर सुरू व्हायचा, त्यांना दुसऱ्या सकाळी काय वाटलं असेल, हे कालपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. इथे तोफांची घंटा झाली, तिथे चर्चची घंटा देवळात गेली. दोन्हीकडे ती वाजत राहिली याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तरी त्या मुक्या झालेल्या मनोऱ्यांची हुरहुर जात नाही.

दिवाळीत येतोय. तेव्हा आधी वसईच्या किल्ल्यात जाऊ. सेंट जोसेफच्या पडक्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. मग नाशिक, आणि जमलं तर मेणवली. तोवर तू एकदा गोदाघाटावर जा आणि त्या घंटेवर काय काय कोरलंय ते नीट बघून मला सविस्तर कळव.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत