मत राहत्या गावचं असावं

महोदय,

2 मे 2024 रोजी लंडनच्या महापौरपदाची निवडणूक झाली. वेम्बलीतल्या आमच्या केंद्रावर मी ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट दाखवला आणि मतपत्रिका हातात घेतली. या देशात येऊन तेव्हा मला दोन वर्षंही झाली नव्हती. 4 जुलैला संसदेसाठीही मत दिलं. इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना हा हक्क आहे, हे मला इथे येईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर रोमानियाची एक बाई राहते. रात्रपाळीला इस्पितळात साफसफाई करते, दहा वर्षं कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, भरते, दोन्ही मुलं इथल्याच शाळेत. 4 जुलैला ती म्हणाली, ‘तू जाऊन ये, तुझ्या मुलाला मी बघते.’ महापौरासाठी तिला मत होतं, संसदेसाठी नाही. युरोपातून 2021 पासून पुढे आलेल्या बहुतेकांना तर आता इंग्लंडात स्थानिक निवडणुकीचंही मत नाही. माझा हक्क जुन्या साम्राज्याच्या नात्यातून आलेला. तिची या शहरातली दहा वर्षं त्यापुढे मोजलीच जात नाहीत. त्या दिवशी मतदानाच्या रांगेत मला फार अवघडल्यासारखं झालं.

न्यूयॉर्कनं ग्रीन कार्ड किंवा कामाचा परवाना असलेल्यांना शहरापुरतं मत देण्याचा कायदा 2021 मध्ये मंजूर केला होता. एकाही निवडणुकीत तो लागू झाला नाही. मार्च 2025 मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयानं तो रद्दच ठरवला.

परदेशस्थ भारतीयांना तिथूनच मतदान करू द्या, अशी मागणी आपल्याकडे होते. निदान महापालिकेपुरती तरी मला ती पटत नाही. ठाण्याच्या नौपाड्यात पाणी तुंबलं तर ते माझ्या आईच्या दारात तुंबतं, माझ्या नाही.

त्या मागणीआधी आईकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं बघा. जालन्याहून ठाण्यात येऊन त्यांना नऊ वर्षं झाली, नाव अजून गावच्याच यादीत. पत्ता बदलायला 8 नंबरचा अर्ज भरायचा, पण घरमालक भाडेकरार करून देत नाही आणि वीजबिल त्याच्या नावावर. मागच्या सुट्टीत मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले, दोन्ही वेळा पुराव्याअभावी परत आलो. फूटपाथवर झोपणाऱ्या माणसाची मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं (बीएलओ) जागेवर जाऊन खातरजमा केली, तर कागदाशिवाय नाव लागू शकतं. हीच पद्धत भाड्याच्या खोल्यांनाही लावावी, एवढी निवडणूक आयोगाला विनंती आहे.

– एक वाचक, वेम्बली, लंडन (मूळ नौपाडा, ठाणे)