भुलेची जुनी औषधे आणि सेप्सिस : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : भुलेच्या औषधांपासून सेप्सिसवर नवे उपचार शोधण्यासाठी शासकीय महाविद्यालयांत एकत्रित संशोधन सुरू करण्याबाबत.

महोदय,

मी कोल्हापुरात तीस वर्षांहून अधिक काळ भूलतज्ज्ञ म्हणून काम करून आता निवृत्त झालो आहे. रुग्णाला झोपवणे आणि वेळेवर उठवणे एवढेच आमचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दिवसचे दिवस गुंगीत ठेवणारी औषधेही आमचीच असतात, आणि त्या रुग्णांपैकी पुष्कळांना सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गातून अवयव निकामी होत जाण्याची अवस्था, झालेला असतो. याच औषधांविषयी हे पत्र आहे.

गळीत हंगामातली एक रात्र सांगतो. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई नडगीला कोयता लागून पाच दिवसांनी रुग्णालयात आली. (रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण हे कोठेही घडू शकले असते.) जखमेत हळद भरलेली, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, नाडी एकशे चाळीस, हात गार आणि रक्तदाब जेमतेम लागत होता. "साहेब, जरा कोयता लागला होता, बाकी काही नाही," असे तिचा नवरा पुन्हा पुन्हा सांगत होता. जखम उघडून साफ करणे भागच होते. प्रोपोफोल हे भुलेचे नेहमीचे इंजेक्शन दिले असते तर होता तो रक्तदाबही कोसळला असता, म्हणून मी केटामाइन हे भुलेचे दुसरे औषध थोडे थोडे दिले. शस्त्रक्रिया पार पडली, पण दुसऱ्या दिवशी लघवी थांबली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती सेप्सिसने गेली. रक्तातल्या जंतूंचा अहवाल त्याच दुपारी आला.

सेप्सिसमध्ये मारतो तो केवळ जंतू नव्हे. जंतूंशी लढताना शरीराचा स्वतःच्याच प्रतिसादावरचा ताबा सुटतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, यकृत असे एकेक अवयव निकामी होत जातात. २०१६ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येचा गाभा हाच आहे. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले, असा अंदाज आहे. प्रतिजैविके, सलाइन, रक्तदाब टिकवणारे नॉरअॅड्रेनलिन आणि पू काढून टाकणे एवढाच आपला मुख्य आधार आहे. बेफाम झालेल्या त्या प्रतिसादाला नेमके आवरणारे औषध अजून हाती आलेले नाही.

भुलेच्या औषधांचा संबंध येतो तो येथे. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून ऊतीत शिरतात, त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर एलएफए-१ नावाचे प्रथिन असते. आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू आणि प्रोपोफोल हे दुधासारखे पांढरे इंजेक्शन, दोन्ही या प्रथिनाला जाऊन बसतात, असे बोस्टनमधील भूलशास्त्राच्या संशोधकांनी दाखवले आहे. म्हणजे झोप आणणारा रेणू दाहाच्या, म्हणजे शरीराच्या त्या प्रतिसादाच्या, यंत्रणेलाही हात घालतो. मग त्यातला झोपेचा गुण काढून दाहावरचा गुण तेवढा ठेवता येईल का, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

रेणूत असा फेरबदल करणे ही कल्पनाविलासाची गोष्ट नाही. एटोमिडेट या भुलेच्या इंजेक्शनचा इतिहास पाहावा. रक्तदाब न पाडणारे म्हणून ते आम्हाला प्रिय होते. पण १९८३ मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी लक्षात आणून दिले की अतिदक्षता विभागात ते सतत दिलेल्या जखमी रुग्णांचे मृत्यू वाढले होते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीत कॉर्टिसोल हे संप्रेरक तयार करणारे एक विकर (एन्झाइम) ते बंद पाडते, आणि सेप्सिसमध्ये कॉर्टिसोलवाचून निभाव लागत नाही. पुढे बोस्टनमध्येच त्या रेणूच्या कड्यातला एक नायट्रोजन काढून तेथे कार्बन बसवण्यात आला. एका अणूच्या अदलाबदलीने भुलेचा गुण टिकला आणि विकरावरची पकड जवळपास सुटली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा कार्बोएटोमिडेट अजून प्रयोगशाळेतच आहे, तरी वाट कशी काढायची ते त्याने दाखवून दिले.

आता सावधगिरीचे बोलतो, कारण अर्धवट बातमी वाचून उद्या कोणी सेप्सिसच्या रुग्णाला भुलेचा वायू हुंगवू नये. उंदरांत दिसलेला फायदा माणसांत टिकेलच असे नाही. सेप्सिस झालेल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध आणि प्रोपोफोल यांची तुलना करणाऱ्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दोहोंत फरक आढळला नाही. फुप्फुसे गंभीरपणे निकामी झालेल्या रुग्णांवरच्या फ्रान्समधील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, तेव्हा तर नव्वद दिवसांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण प्रोपोफोल घेतलेल्यांत ५५.७ टक्के आणि सेव्होफ्लुरेन हा भुलेचा वायू घेतलेल्यांत ४७.१ टक्के निघाले. ज्या वायूकडून आशा होती, तोच मागे पडला. म्हणून माझी मागणी औषध वापरण्याची नाही, ते तपासण्याची आहे.

हे काम औषध कंपन्या आपणहून करणार नाहीत. केटामाइन आणि प्रोपोफोल यांची पेटंटे केव्हाच संपली. स्वस्त कुपीवर कोट्यवधींची चाचणी करून त्यांना काय मिळणार? यात त्यांचा दोष काढण्यासारखे काही नाही. ते सरकारलाच करावे लागेल, आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ आपल्या खात्याकडे आजच आहे. भूलशास्त्रात एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्याच त्या दोन औषधांची साठ-सत्तर रुग्णांत केलेली तुलना, मार्गदर्शकाची सही, काळे पुठ्ठे आणि कपाट, असा त्या प्रबंधाचा प्रवास मी स्वतः वर्षानुवर्षे पाहिला आहे. दहा शासकीय महाविद्यालयांनी सेप्सिसमधील गुंगीच्या औषधांवर एकच आराखडा स्वीकारला, तर याच प्रबंधांतून एक मोठी चाचणी उभी राहील. मान्यताप्राप्त औषधांच्या अशा शैक्षणिक चाचणीला, तिची माहिती औषधाच्या परवान्यासाठी वापरायची नसेल तर, २०१९ च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीच्या मंजुरीवर पुढे जाता येते.

आपण आमच्याच जिल्ह्याचे आहात, म्हणून सुरुवात कोल्हापुरातून व्हावी असे सुचवतो. येथील शासकीय महाविद्यालयात रुग्ण आहेत, शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राचे विभाग आहेत. पण भूलतज्ज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ यांची गाठ पडते ती एखाद्या लग्नात. रक्ताचे नमुने उणे ऐंशी अंशांत ठेवणारा एक फ्रीजर, अहोरात्र नोंदी ठेवणारे दोन संशोधन साहाय्यक आणि दोन्ही संस्थांत लेखी करार, एवढ्यावर काम सुरू होईल. नोंद मात्र पहिल्या तासापासूनची हवी : रुग्ण कधी आला, प्रतिजैविकाचा पहिला डोस कधी गेला, गुंगीचे कोणते औषध किती दिले. त्या बाईच्या कागदावर यातली एकही वेळ नव्हती, आणि मृत्यूचे कारण "हृदयक्रिया बंद पडणे" असे लिहिले होते.

एमडीच्या नव्या तुकडीचे प्रबंधविषय निश्चित होण्यापूर्वी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि महाविद्यालयांचे भूलशास्त्र विभागप्रमुख यांची एक बैठक आपण बोलवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ,
कोल्हापूर