कोठार वाचलं ते दुकानामुळेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या व्हिंटेज, म्हणजे जुन्या वस्तूंच्या, दुकानांवर एक लेख आला होता. जुन्या धान्यकोठारांत, तिकडच्या भाषेत बार्नमध्ये, थाटलेली ही दुकानं म्हणजे पर्यटकांना गंडवण्याचा धंदा, आणि जिथे गहू साठवायचा तिथे सुगंधी मेणबत्त्या विकणं हा त्या वास्तूचा अपमान, असा लेखाचा एकूण सूर. गंडवण्याबद्दल मी भांडणार नाही. मी स्वतः गंडलो आहे, ते पुढे सांगतो. अपमानाचं मात्र पटलं नाही, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये सुतारकामाचा शिल्प निदेशक होतो. लेक आणि जावई लंडनला लागून असलेल्या एसेक्समध्ये असतात, त्यामुळे दोन उन्हाळे तिकडे काढले. लंडनचं जे बघायचं ते पहिल्याच आठवड्यात उरकलं. पुढे शनिवार उजाडला की जावई गाडीची किल्ली फिरवत विचारायचे, "बाबा, आज कुठलं गोदाम?" आमची ही कपबश्यांसाठी यायची, मी छपरासाठी.

पहिल्याच दुकानात दारातून दोन पावलं आत गेलो आणि तिथेच उभा राहिलो. डोक्यावर ओकच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे, एकामागे एक, अंधारात शिरत गेलेल्या. खांबाला तुळई मिळते तिथे लाकडी खुंट्या, डोकी ओबडधोबड तासलेली, अर्धा-पाऊण इंच बाहेर राहिलेली. जोडात खिळा नाही. काउंटरवर दुकानाच्या बाईंनी दुरुस्तीत निघालेली एक जुनी खुंटी ठेवली होती, कागद उडू नयेत म्हणून. मी ती उचलली आणि हसूच आलं. खुंटी मधोमध किंचित वाकलेली होती. ज्याने हे काम केलंय त्यालाच ते वाकणं कळेल. खाचेचं भोक आणि आत जाणाऱ्या कुसवाचं भोक समोरासमोर पाडायचं नाही, मुद्दाम सूतभर सरकवून पाडायचं. मग खुंटी ठोकली की ती वाट काढताना वाकते आणि जोड स्वतःच आवळून घेते. ओक ओला असतानाच कापून उभा करायचा, पुढे तो वाळत, आकसत जातो, तरी जोड ढिला पडत नाही. मुलांना हे फळ्यावर काढून दाखवायचो, पण कित्येक वर्षं वाकून बसलेली खुंटी पहिल्यांदाच हातात आली.

मग सवय लागली. खांबावर डोळ्यांच्या उंचीला पटाशीने मारलेल्या रेघा दिसल्या: एक फुली, शेजारी दोन उभ्या रेघा. म्हणजे रोमन बारा. समोरच्या तिरक्या आधारावरही तेच बारा. सगळा सांगाडा आधी आवारात जमिनीवर आडवा मांडून जुळवायचा, प्रत्येक जोडाला आकडा घालायचा, मग सुटा करून जागेवर नेऊन उभा करायचा. आकडा आकड्याला भिडला की काम बरोबर. त्या बारा नंबरच्या खांबावर दुकानाने लॅम्पशेड अडकवली होती, २८ पौंडांची चिठ्ठी लावून. चिठ्ठी आकड्यावर नव्हती, एवढं बरं.

दुसऱ्या एका कोठारात दाराजवळच्या लाकडावर कर्काटकाने कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल सापडलं. कंपासपेटी हातात आली की प्रत्येक पोरगं वहीच्या मागच्या पानावर काढतं, तेच. तिकडे ते अपशकुन आणि भूतबाधा दाराबाहेर राहावी म्हणून काढत, असं मानतात. २०१६ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेने लोकांना अशा खुणा शोधून कळवायला सांगितलं होतं. लेकीच्या फोनमध्ये त्या फुलाचे चार फोटो आहेत आणि माझा एकही नाही, अशी हिची तक्रार आहे.

आता मुद्द्याचं. कोठार रिकामं का पडलं, हे लेखात कुठेच आलं नाही. बार्न म्हणजे नुसतं साठवणीचं गोदाम नव्हे. समोरासमोर दोन मोठी दारं असतात, गाडी एका दाराने भरून आत आणि दुसऱ्याने रिकामी बाहेर. दोन दारांच्या मधली जमीन म्हणजे खळं. हिवाळाभर मजूर तिथे पेंढ्या झोडपायचे आणि दोन्ही दारं उघडून आरपार वारा घेत उफणणी करायचे. तिकडे पावसाचा नेम नाही, म्हणून खळंच छपराखाली आणलेलं. पुढे १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने मळणीयंत्र केलं. ते गावोगाव पोचलं तशी मजुरांची हिवाळ्यातली मजुरी बुडाली, आणि १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडात मजुरांनी ही यंत्रं फोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्बाइन हार्वेस्टर आला आणि मळणी शेतातच होऊ लागली. तो हार्वेस्टर जुन्या दारातून आतही जाईना. झालं, कोठाराला काम उरलं नाही. ज्याला काम नाही त्याच्या छपरावर कोण खर्च करणार? एक कौल सरकतं, पाणी झिरपतं, तुळईचं टोक कुजतं. पुढचं सांगायला नको.

अशा कोठाराला मग दोनच वाटा, घर करा नाहीतर दुकान. घर करायचं म्हणजे मधे मजला टाकायचा, भिंतींना खिडक्या फोडायच्या, न्हाणीघरं काढायची, आणि ती अख्खी लांबी-उंची खोल्याखोल्यांत कापून टाकायची. बाहेरून कोठार, आत फ्लॅट. शिवाय कुलूप लागलं की तुम्हाआम्हाला काय दिसणार? इंग्लंडमध्ये २०१४ पासून शेतीच्या इमारतींची घरं करणं कायद्याने सोपं केलंय (संरक्षित यादीतल्या इमारती त्यातून वगळल्यात, हे नशीब). दुकानाला उलट मोकळी जागाच लागते. भिंतीला टेकवून कपाटं मांडली, मधे टेबलं टाकली, बस. छप्पर जसंच्या तसं, आणि दार दिवसभर सगळ्यांना उघडं. त्या मेणबत्त्या छपराची कौलं विकत घेतात, असं मी तरी समजतो.

आणि हे चालवणं सोपं नाही. एका दुकानात वरचा माळा दोरी लावून बंद होता. विचारलं तर म्हणाले, वटवाघळं आहेत. १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यांच्या मुक्कामाला धक्का लावता येत नाही, छपराला हात लावण्याआधी तपासणी करून घ्यावी लागते. भाडं न देणारे भाडेकरू, पण मालकापेक्षा हक्क जास्त.

ज्यांना दुकान नकोच, नुसतं कोठार बघायचंय, त्यांनी एसेक्समध्ये क्रेसिंग टेम्पलला जावं. टेम्पलर सरदारांनी, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्या पंथाने, बांधलेली दोन कोठारं तिथे उभी आहेत, एक जवाचं आणि एक गव्हाचं. जवाच्या कोठाराचं लाकूड साधारण १२०५ ते १२३५ च्या दरम्यानचं, गव्हाचं त्यानंतर पन्नासेक वर्षांनी बांधलेलं. एसेक्सच्या कौंटी कौन्सिलने १९८७ मध्ये ती जागा विकत घेतली. लाकडाचे जोड कसे कापलेत त्यावरून इमारतीचं वय ठरवायचं शास्त्र सेसिल हेवेट यांनी मांडलं ते याच भागातल्या इमारती बघून. जोड बघून वय सांगणारा माणूस! माझ्या विद्यार्थ्यांना हे आधी माहीत असतं तर जोड जरा नीट कापले असते.

दोन्ही एका ठिकाणी हवं असेल तर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन. नैर्ऋत्य इंग्लंडातल्या बाथ शहराहून गाडीने पंधरा-वीस मिनिटं, स्टेशनातून चालत दहा. तिथलं दगडी कोठार १४ व्या शतकाच्या सुरुवातीचं, १६८ फूट लांब, छपरावर अंदाजे १०० टन दगडी फरशी, आणि ते सगळं वजन आतल्या ओकच्या सांगाड्यावर. मालकी शाफ्ट्सबरीच्या नन्सच्या मठाची होती. लोक त्याला टाइद बार्न म्हणतात. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा. पण असं नाव मिरवणारी पुष्कळ कोठारं खरं तर मठांच्या स्वतःच्या शेतीची होती. कोठार पूर्ण रिकामं ठेवलंय, प्रवेश फुकट. आवारातल्या जुन्या शेतघरांत मात्र कारागिरांची लहान दुकानं आणि चहा. आत अर्धा तास मान वर करून उभं राहिल्यावर बाहेर येऊन बसायला जागा लागते, ती तिथे आहे.

ऑक्सफर्डशरचं ग्रेट कॉक्सवेल माझं बघायचं राहिलं. जवळच्या केल्मस्कॉटला १८७१ पासून कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसचं बिऱ्हाड होतं, आणि तो आपल्या पाहुण्यांना ते कोठार दाखवायला घेऊन जायचा. याच मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं साधं: जुनं खरवडून नवं कोरं करू नका, जेवढं मोडलंय तेवढंच दुरुस्त करा. ही शिकवण नीट पाळलेली जागा लगेच ओळखू येते. कुजलेल्या खांबाचा फक्त पाय कापून तिथे नवा ओक तिरक्या जोडाने सांधलेला असतो, आणि त्या नव्या तुकड्याला काळा रंग फासून लपवलेलं नसतं. जिथे सगळंच एकसारखं चॉकलेटी चमकतं तिथे मी फार वेळ थांबत नाही.

हस्तकला केंद्रांबद्दल लेखात एकच ओळ होती. अशाच एका केंद्रात खुर्चीचे पाय कातणारा एक माणूस बसला होता. त्याचा कातायचा चरक विजेवर नव्हता, वर लवचिक काठी बांधलेली आणि दोरी लाकडाभोवती वेढून खाली पायपट्टीला. पाय दाबला की लाकूड पुढे फिरतं, सोडला की काठी ते उलटं ओढते. म्हणजे पटाशी फक्त दाबाच्या वेळी लावायची, परतीला उचलायची. चिल्टर्न टेकड्यांच्या जंगलात बीच झाडाच्या ओल्या लाकडाचे पाय असेच कातत. माझं इंग्रजी बेताचं, त्याचं बोलणं गावठी, पण त्याने जागा करून दिली आणि मी बसलो. पहिल्या तीन फेऱ्यांत हात उशिरा उचलला. त्याने काही न बोलता माझं मनगट धरून एकदा लय दाखवली. ३१ वर्षं दुसऱ्यांची मनगटं धरली, माझं धरायची वेळ पहिलीच.

हेरिटेज क्राफ्ट्स ही तिथली संस्था लोप पावत चाललेल्या कारागिरीची यादी काढते. २०१७ च्या पहिल्या यादीत हाताने शिवलेला क्रिकेटचा चेंडू करण्याची कला ब्रिटनमधून संपल्याचं नोंदवलं होतं. चाळण्या करणंही त्याच यादीत होतं. नंतर कोणीतरी चाळण्या पुन्हा करायला घेतल्या, हे वाचून बरं वाटलं, कारण ज्या खळ्यावर धान्य चाळलं जायचं, तशाच एका खळ्यावर उभा राहून मी जुन्या चाळणीत आरसा बसवून विकायला ठेवलेला बघितला होता.

आता माझं गंडणं. एका दुकानात तीन पायांचं स्टूल होतं, चिठ्ठीवर 'व्हिक्टोरियन', ४५ पौंड. मी कैच्या मोजत होतो, मान वर. हिने विचारलं, घेऊ का? मी वर बघतच हो म्हणालो. घरी आल्यावर हिनेच ते उलटं केलं आणि म्हणाली, "अहो, हे स्क्रू आपल्या कपाटासारखेच आहेत." फुलीच्या खाचेचे स्क्रू. ते बाजारात आले १९३० च्या दशकात, आणि राणी व्हिक्टोरिया गेली १९०१ मध्ये. किड्याची भोकंही सुईने पाडल्यासारखी सरळ रांगेत. निदेशक साहेबांना एवढं दिसू नये? परत गेलो तर दुकानदार म्हणाला, व्हिक्टोरियन म्हणजे पद्धतीचं. चिठ्ठीवर 'पद्धतीचं' नव्हतं, पण पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा जाणाऱ्यांना सांगतो: छप्पर बघून झालं की मान खाली घाला. वस्तू उलटी करा, खण पूर्ण बाहेर काढा, मागची फळी बघा. किड्याच्या भोकातून फिकट ताजा भुसा गळत असेल तर किडा अजून आत आहे. हस्तिदंताच्या नादाला लागू नका, २०२२ पासून तिथे त्याच्या विक्रीवर जवळपास बंदी आहे. जाण्याआधी वार बघा, सोमवार-मंगळवार बरीच दुकानं बंद असतात, आणि रविवारी गावाकडची बस मिळेलच असं नाही. पर्यटकांना मिळणारा व्हॅटचा परतावाही २०२१ पासून बंद झालाय, त्यामुळे पावत्या सांभाळत बसायची गरज नाही.

खरेदी एकच लाभली. गंजक्या अवजारांच्या पेटीत तळाला शेफिल्डची पटाशी, ६ पौंड, मुठीवर आधीच्या मालकाची आद्याक्षरं ठोकलेली. सामानाच्या मोठ्या बॅगेत, दोन टॉवेलांत गुंडाळून आणली. स्टूल लेकीकडेच ठेवलं. त्यावर सध्या त्यांचा वाय-फायचा राऊटर असतो. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा एक स्क्रू ढिला वाटला, तो घट्ट करून आलो.

आपला नम्र,
एक वाचक
(निवृत्त शिल्प निदेशक, सुतारकाम)