शिल्पे, हे तुलाच सांगायचं होतं

दांडिया बाजार, वडोदरा
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय शिल्पे,

सासूबाईंचा गुडघा तसाच, ह्यांची शुगर आटोक्यात, मी बरी. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

अष्टमीच्या रात्री आमचा ओमकार दारू प्यायला. अकरावीतला पोरगा, गरब्यातून परस्पर मित्राच्या फ्लॅटवर गेला. मध्यरात्र उलटल्यावर त्याच्या मैत्रिणीचा रडत फोन आला, "आंटी, ओम उठत नाहीये." आम्ही पोचलो तर हा उताणा पडलेला, अंगातल्या केडियाच्या आरशांवर ओकारी. मित्र म्हणतात, झोपू द्या, सकाळी उतरेल. १०८ला फोन का नाही केलात? तर म्हणे, पोलीस येतील. १९६० पासून दारूबंदी असलेल्या गुजरातेत पोरांना बाटली मिळते, मदत मागायची मात्र भीती वाटते! संताप झाला माझा.

आधी त्याला कुशीवर वळवलं. हात गार, हाकेला ओ नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, उताण्या माणसाची ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय शेवटच्या घोटानंतरही रक्तातली दारू काही वेळ वाढत राहते, म्हणून 'झोपला की उतरेल' यावर विसंबायचं नाही. श्वास मिनिटाला आठाच्या खाली गेला, ओठ निळे पडले किंवा माणूस उठवून उठेना, तर थेट दवाखाना. कॉफी, गार पाणी, लिंबू, कशानेही उतरत नाही. सईलाही सांगून ठेव. बाटली निदान कंपनीची होती, हातभट्टीची नव्हती. २०२२ मधलं बोटादचं लठ्ठाकांड, विषारी दारूने माणसं मेली ते, आठवलं आणि माझे पाय लटपटले. तसल्या दारूतलं मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो.

घरात काय चाललंय विचारू नकोस. सासूबाई दृष्ट काढतात, हे त्याच्याशी बोलत नाहीत, जाऊबाईंचं एकच, "बाहेर कळू देऊ नका." बापूदादाच्या वेळी तुमच्याकडेही हेच होतं ना? काकूंना सगळं सांग म्हटलं म्हणून तू कोजागिरीपर्यंत माझ्याशी अबोला धरलास. शिल्पे, माझं म्हणणं आजही तेच आहे.

कारण ओम बोलला. ही पहिली वेळ नव्हती. आजोबा गेल्यापासून त्याला झोप लागत नव्हती आणि कोल्ड्रिंकमध्ये व्होडका घेतली की लागते, असं त्याला कुणीतरी शिकवलं. झोप येते खरी, पण तुटक येते, आणि पुढच्या वेळी जास्त लागते. स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. त्याच वयात हे! शेवटी त्यानेच खोलीचं दार लावून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावला. सरकारी आहे, फुकट, रात्रीही चालू. गुजरातीतून छान बोलले म्हणे. आता एका समुपदेशकाकडे जातो, मी बाहेर बाकावर बसते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हाही नंबर आहे, लिहून ठेव.

तुझ्या बदलीचं कळलं, छान झालं. सईला दहावीसाठी आशीर्वाद. तिच्यामागे फार लागू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा चिवडा आणू नकोस, गेल्या वर्षीच्याने माझी दाढ हलली. एक संध्याकाळ मात्र ओमसाठी ठेव. बापूदादाचं त्याला तूच सांग, शेवटची वर्षंसुद्धा. माझं ऐकून घेतो, पण तुझ्यासमोर तो प्रश्न विचारेल. जड जाणार असेल तर स्पष्ट नाही म्हण, मी अबोला धरणार नाही. पण या आठवड्यात कळव.

तुझी,
माधवी