एफडी मोडू नका, बाबा

पुखहाइम, म्युनिकजवळ
रविवार, 19 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हिशोब सांगायला घेतला की बाबा, तुम्ही "ते राहू दे, जेवलीस का ते सांग" म्हणता. म्हणून लिहून काढलंय. फोटो ओंकारला पाठवतेय. ओंकार, मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

तुम्ही बँकेत जाऊन चौकशी करून आलात, हे कळलं मला. आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेली एफडी मोडून माझ्या भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी अडीच लाख पाठवायचे, असं तुमच्या मनात आहे. मोडू नका. मार्चमध्ये ती पिकेल आणि तेव्हा आईचं ऑपरेशन होईल, यात बदल करायचा नाही. माझं कसं भागतंय ते खाली आकड्यांत लिहिते. एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा, खरा दर थोडा जास्तच आहे.

पगार 4,800 युरो ऐकून सगळ्या गल्लीत पेढे वाटलेत तुम्ही. पण कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारीचा विमा हे सगळं आधीच कापून घेतात आणि हातात 3,000 च्या थोडे वर येतात. पुण्यात मी सीटीसी, म्हणजे कापाकापीआधीचा आकडा, बघून घर शोधायला निघाले होते आणि पहिलं वर्ष ओढाताणीत गेलं. ती चूक इथं करायची नाही हे ठरवूनच आले होते.

भाडं इथं दोन तऱ्हांनी सांगतात. एक 'काल्टमीटं', म्हणजे थंड भाडं, नुसत्या भिंतींचं. त्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट मिळवली की झालं 'वार्ममीटं', गरम भाडं. जाहिरातीत थंड आकडा ठळक असतो आणि नवी माणसं त्यावरच भुलतात. माझं थंड भाडं 830, गरम 980. घरमालकही बहुतेक हेच बघतात, की गरम भाडं हातातल्या पगाराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसतंय का. माझं जेमतेम बसलं.

आता डिपॉझिट. कायद्याने ते थंड भाड्याच्या तिप्पटीपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे माझं 2,490. अडीच लाखांचा आकडा तुम्ही तिथूनच काढला असणार. पण बाबा, भाडेकरूला ते तीन सारख्या मासिक हप्त्यांत भरायचा हक्क कायद्यानेच दिलाय. ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मी पण एकरकमीच भरायला निघाले होते. पहिला हप्ता 830 चा, भाड्याबरोबर गेला. दुसरा नोव्हेंबरात, तिसरा डिसेंबरात. मग संपलं.

खरी तंगी ऑक्टोबरात झाली आणि ती तुमच्यापासून लपवली, त्याबद्दल रागावू नका. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो. पत्ता नोंदल्यावरच कराचा नंबर पोस्टाने येतो. सप्टेंबरात मी ज्या तात्पुरत्या खोलीत होते तिथला माणूस तो कागद द्यायला तयार नव्हता. नंबर नसल्यामुळे पहिल्या पगारातून कर जबरदस्त कापला गेला आणि हातात 2,300 आले. जास्तीचे नंतर परत मिळतात, पण भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत भरायचंच असतं. 980 आणि 830 गेल्यावर 490 उरले. येताना आणलेले पैसे तेव्हा कामाला आले. त्यातच 20 सप्टेंबरला ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे इथली बिअरची मोठी जत्रा, सुरू झालं आणि खोलीवाल्याने पाहुण्यांना जास्त दराने द्यायला खोली रिकामी करून मागितली. दहा दिवस सोलापूरच्या एका जोडप्याकडे सोफ्यावर झोपले. त्या वहिनींनी एकदाही कधी जाणार म्हणून विचारलं नाही. बाबा, लालबागच्या गावकीच्या खोलीत तुम्ही पाळीपाळीने वळकट्या टाकायचात, ते सांगितलेलं रोज आठवायचं.

फसवणुकीच्या अगदी जवळ गेले होते, तेही सांगते, कारण जाधवकाकांचा मुलगा जानेवारीत इकडे येतोय. शहराच्या मध्यात 600 ला फ्लॅट, फोटो चकाचक. मालक परदेशात, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल. त्याला बजावून सांगा, घर आतून बघितल्याशिवाय एक युरोसुद्धा पाठवायचा नाही. आणि स्वयंपाकघर आहे का ते विचारायचं. एका फ्लॅटमध्ये मी गेले तर ओट्याच्या जागी नुसते नळाचे पाइप भिंतीतून बाहेर आलेले. दिवेसुद्धा नव्हते, वायरी लोंबकळत होत्या. इथं भाडेकरू ओटा, शेगडी सगळं घेऊन जातात! आई, म्हणून मी ओटा असलेलंच घर धरलं, चौरस मीटर कमी मिळाले तरी चालतील म्हणून.

गावाबाहेर का राहिलीस, हे आई विचारतेय. या वर्षी 58 युरोंना मिळणाऱ्या महिन्याच्या पासवर सगळ्या लोकल, बस, मेट्रो चालतात, लांब राहिल्याने एक पैसा जास्त पडत नाही. एस-4 लोकलने मुख्य स्टेशन वीसेक मिनिटांवर. वेळ जातो तेवढाच, आणि गाडीत बसायला जागा मिळते.

महिन्याचं असं: भाडं 980, वीज 40, इंटरनेट 30, फोन 10, पास 58, किराणा-भाजी 250. टीव्ही नसला तरी प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीचे 18.36 भरावेच लागतात. शिवाय 25 बाजूला टाकते, कारण हीटरचा हिशोब वर्षाने होतो आणि जास्त वापरलं तर वरचे भरावे लागतात. बेरीज 1,411.36. डिपॉझिटचा हप्ता धरून 2,241.36. उरलेल्यातून गादी घेतली, थंडीचा कोट या आठवड्यात घेईन. हप्ते संपले की जानेवारीपासून ओंकारच्या फीसाठी दर महिन्याला 250 पाठवणार, पाच तारखेच्या आत. तोवर पाठवता येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं, पण तुमच्याकडून घेऊन तुम्हालाच पाठवण्यात काय अर्थ आहे?

परवा लक्ष्मीपूजनाला बाबांच्या खर्चाच्या वहीबरोबर या कागदाची प्रिंट ठेवा. संध्याकाळी तुमच्या सातला मी ऑफिसातून व्हिडिओ लावीन, इकडे साडेतीन वाजलेले असतील. एफडीची पावती तेव्हा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायची, मोडलेली नाही ना ते मला बघायचंय.

आई, इथल्या सपाट इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी फुगत नाही. जाळी पाठवू नकोस, ज्योतच नाही. तव्यावरच फुगवायची काही युक्ती असेल तर सांग.

तुमची,
मीरा